भोवळीचे मूळ कानात शोधणारा डॉक्टर
डॉ. प्रॉस्पर मेनिएर यांची जीवनकथा

वणी : सकाळी उठून चहाचा कप हाती घ्यावा आणि अचानक घर फिरू लागावे. भिंती, छत, दार सारेच गरगरते. उभे राहावे तर पाय साथ देत नाहीत, डोळे मिटावेत तर गरगरणे अधिकच वाढते. पाठोपाठ उलट्या सुरू होतात. एका कानात रातकिडे किरकिरावेत तसा आवाज घुमत राहतो आणि त्या कानाने नीट ऐकूही येत नाही. दोन-तीन तासांनी सारे शांत होते. माणूस गळून जातो, झोपतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. काही आठवड्यांनी पुन्हा तेच घडते.

अशा वेळी आपल्याकडे पहिला संशय रक्तदाबावर जातो. मग साखर तपासली जाते. कोणी पित्त म्हणतो, कोणी अशक्तपणा, कोणी मानेच्या मणक्यांना दोष देतो. लकव्याच्या भीतीने घरातील मंडळी हवालदिल होतात. खेड्यापाड्यांत तर बाहेरची बाधा झाल्याची कुजबुज सुरू होते. कानाकडे मात्र सर्वांत शेवटी लक्ष जाते. वणीच काय, यवतमाळ आणि नागपुरातही चित्र फारसे वेगळे नाही.

दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी पॅरिससारख्या महानगरातही असेच घडत होते. फरक इतकाच की तेथील रुग्णांवरील उपचार रोगापेक्षा भयंकर होते. या दुष्टचक्रातून रुग्णांना सोडवण्याचा मार्ग ज्यांनी दाखवला, ते डॉक्टर म्हणजे प्रॉस्पर मेनिएर. आंतरकर्णाच्या ज्या विकाराला आज जगभर त्यांचे नाव आहे आणि आपल्याकडील डॉक्टर ज्याचा उच्चार 'मेनियर्स' असा करतात, त्या नावामागील माणूस सामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसतो. त्यांचे आयुष्य मोठे विलक्षण होते.

आंजे ते पॅरिस

प्रॉस्पर मेनिएर यांचा जन्म १८ जून १७९९ रोजी पश्चिम फ्रान्समधील आंजे या शहरात झाला. वडील सुखवस्तू व्यापारी होते आणि चार भावंडांत प्रॉस्पर तिसरे. राज्यक्रांतीची धामधूम ओसरून नेपोलियनचा उदय होत असलेला तो काळ. मुलाचा ओढा प्रथमपासून ग्रंथांकडे होता. लॅटिन भाषेची गोडी त्यांना लहानपणीच लागली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही. वैद्यकाचे प्राथमिक शिक्षण आंजे येथे घेऊन ते १८१९ मध्ये पॅरिसला आले.

त्या काळी पॅरिस ही वैद्यकशास्त्राची राजधानी मानली जात असे. रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून लक्षणे बारकाईने टिपायची आणि रुग्ण दगावल्यास शवविच्छेदन करून त्या लक्षणांचे मूळ कोणत्या अवयवात होते ते शोधायचे, ही शिस्त तेथे रुजली होती. मेनिएर यांच्या पुढील साऱ्या कार्याचा पाया याच शिस्तीत आहे. १८२६ मध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि १८२८ मध्ये ते डॉक्टर झाले. ओतेल-दिय या पॅरिसच्या पुरातन रुग्णालयात त्यांनी ग्योम द्यूप्वित्रां या नामवंत शल्यविशारदांच्या हाताखाली काम केले.

१८३० च्या जुलै महिन्यात पॅरिस पुन्हा पेटले. तीन दिवसांच्या उठावात राजे दहावे चार्ल्स पदच्युत झाले. रस्त्यारस्त्यांवर गोळीबार झाला आणि जखमींचे लोंढे ओतेल-दियकडे वाहू लागले. तरुण मेनिएर त्या धामधुमीत होते. बंदुकीच्या गोळ्यांनी झालेल्या जखमा आणि त्यांवरील उपचार यांची त्यांनी पद्धतशीर नोंद ठेवली व त्याच वर्षी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. संकटाच्या घडीलाही टिपण थांबवायचे नाही, हा त्यांचा स्वभाव तेथे प्रथम दिसून आला.

राजबंदिनीचा डॉक्टर

यानंतर त्यांच्या आयुष्यात एखाद्या कादंबरीत शोभावा असा प्रसंग आला. पदच्युत राजे दहावे चार्ल्स यांची सून, बेरीची डचेस हिने आपल्या मुलाला गादी मिळवून देण्यासाठी १८३२ मध्ये फ्रान्समध्ये परतून बंडाचा प्रयत्न केला. तो फसला. नांत शहरातील एका घरात, शेकोटीमागील चोरखोलीत लपून बसलेल्या डचेसला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पकडण्यात आले आणि बोर्दोजवळच्या ब्लाय येथील किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले.

डचेस विधवा होती. तिच्या पतीची १८२० मध्येच हत्या झाली होती. कैदेत असताना ती गरोदर असल्याची चिन्हे दिसू लागली. ही बातमी सिद्ध झाली तर तिच्या पक्षाची अब्रू जाईल, हे नव्या सरकारने ओळखले. त्यासाठी विश्वासू डॉक्टर हवा होता. वैद्यक विद्याशाखेचे प्रमुख ऑर्फिला यांच्या शिफारशीवरून मेनिएर यांची निवड झाली.

हे काम कोणत्याही डॉक्टरला अवघड वाटावे असेच होते. एकीकडे रुग्ण आणि दुसरीकडे तिच्यावर नजर ठेवण्याची सरकारी आज्ञा. मेनिएर यांनी किल्ल्यातील दिवसांची तपशीलवार रोजनिशी ठेवली. १० मे १८३३ रोजी डचेसला मुलगी झाली. एका इटालियन सरदाराशी आपण गुप्तपणे विवाह केल्याचे डचेसने जाहीर केले होते, पण तिच्या राजकीय आकांक्षांचा तेथेच शेवट झाला. सुटकेनंतर तिला जहाजाने सिसिलीतील पालेर्मो येथे पोहोचवण्यात आले, तेव्हाही मेनिएर सोबत होते. ती रोजनिशी त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. पुढे १८८२ मध्ये त्यांच्या मुलाने ती छापली.

१८३५ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये कॉलऱ्याची साथ पसरली. सरकारने मेनिएर यांना तेथे पाठवले. तेथील कामगिरीबद्दल त्यांना 'लीजन ऑफ ऑनर' हा सन्मान मिळाला. एवढे कर्तृत्व असलेल्या डॉक्टरला विद्यापीठात प्राध्यापकपद मिळणे साहजिक होते. त्यांची इच्छाही तीच होती. परंतु ज्या पदासाठी त्यांनी प्रयत्न केले ते त्यांना लाभले नाही. १८३८ मध्ये त्यांच्या वाट्याला आली ती पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतील मुख्य डॉक्टरची जागा.

न बोलणाऱ्यांच्या सहवासात

ही संस्था साधी नव्हती. अठराव्या शतकात आबे द लेपे या धर्मगुरूंनी कर्णबधिर मुलांना खुणांच्या भाषेतून शिकवण्याचे जे कार्य आरंभले, त्यातून ती उभी राहिली होती. मुंबईत कर्णबधिरांसाठीची शाळा १८८० च्या दशकात निघाली, हे लक्षात घेतले म्हणजे पॅरिसच्या संस्थेचे महत्त्व ध्यानात येते. मेनिएर यांच्यापूर्वी तेथील डॉक्टर होते झां इतार. जंगलात सापडलेल्या रानमुलाला माणसात आणण्याच्या प्रयत्नांमुळे आणि कर्णरोगांवरील ग्रंथामुळे त्यांचे नाव युरोपभर झाले होते. १८३८ मध्ये इतार यांचे निधन झाले आणि त्यांची जागा मेनिएर यांनी घेतली.

त्याच वर्षी मेनिएर यांचा विवाह झाला. पत्नी प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ बेकेरेल यांच्या घराण्यातील होती. याच घराण्यातील हेन्री बेकेरेल यांनी पुढे १८९६ मध्ये किरणोत्सर्गाचा शोध लावला. मेनिएर दांपत्याला एमिल हा एक मुलगा झाला आणि तोही पुढे कर्णरोगतज्ज्ञ बनला.

कानाच्या रोगांचा विशेष अभ्यास नसताना या पदावर आलेल्या मेनिएर यांनी विद्यार्थ्याच्या निष्ठेने नव्या विषयाचा ध्यास घेतला. जर्मन कर्णरोगतज्ज्ञ क्रामर यांच्या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद त्यांनी १८४८ मध्ये स्वतःच्या टिपांसह प्रसिद्ध केला. नात्यातील विवाह आणि जन्मजात बहिरेपणा यांच्या संबंधावर त्यांनी १८५६ मध्ये लेखन केले. मामेबहीण-आतेभाऊ यांच्या विवाहाची प्रथा असलेल्या महाराष्ट्रात हा प्रश्न आजही गैरलागू ठरलेला नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. कर्णबधिरांविषयी मेनिएर यांची दृष्टी आजच्या कसोटीवर उतरणारी नव्हती. जन्मजात बहिरेपणा औषधाने बरा होत नाही, असे ते स्पष्टपणे सांगत. तो त्यांचा प्रामाणिकपणा होता. मात्र ऐकू न येणारा माणूस ऐकणाऱ्याच्या बरोबरीला येऊ शकत नाही, अशीही त्यांची समजूत होती. खुणांच्या भाषेतून समर्थपणे विचार मांडणारी कर्णबधिर माणसे त्यांच्या अवतीभवती असतानाही ही समजूत गेली नाही. पुढील अभ्यासकांनी याबद्दल त्यांच्यावर टीका केली आहे आणि ती रास्त आहे.

उरलेल्या वेळात मेनिएर वनस्पतिशास्त्रात, विशेषतः ऑर्किडच्या फुलांत रमत. लॅटिन कवींच्या काव्यातील वैद्यकीय संदर्भांवर त्यांनी १८५८ मध्ये एक विद्वत्तापूर्ण ग्रंथ लिहिला. चारचौघांत रसिक आणि विद्वान म्हणून त्यांची ख्याती होती. ज्या कामामुळे त्यांचे नाव अजरामर व्हायचे होते ते मात्र अद्याप जगापुढे आलेले नव्हते.

रोग एकीकडे, उपचार दुसरीकडे

संस्थेबाहेर मेनिएर यांच्याकडे खासगी रुग्णही येत. त्यांतील काहींची कहाणी थक्क करणारी होती आणि सर्वांची जवळजवळ सारखी होती. चांगली धडधाकट माणसे. अचानक कानात आवाज सुरू होतो, भोवळ येते, जमिनीवर कोसळायला होते, चेहरा पांढराफटक पडतो, घाम फुटतो आणि उलट्या होतात. शुद्ध मात्र जात नाही. काही वेळाने रुग्ण सावरतो. झटके पुन्हा पुन्हा येतात आणि दर झटक्यागणिक एका कानाने कमी ऐकू येऊ लागते.

तत्कालीन वैद्यकाकडे अशा झटक्यांसाठी तयार उत्तर होते. मेंदूत रक्त साचले, असे निदान केले जाई. अपस्माराचा प्रकार असेही म्हटले जाई. मेंदूत रक्त साचले असेल तर ते कमी करायला हवे, या तर्काने रुग्णाच्या शिरेतून रक्त काढले जाई, जळवा लावल्या जात, जुलाब दिले जात. आधीच उलट्यांनी गळून गेलेला माणूस या उपचारांनी अधिकच खंगत असे. झटका कालांतराने आपोआप ओसरतो, हे कोणाच्या ध्यानात येत नसे. त्यामुळे ओसरण्याचे श्रेय रक्त काढण्याला मिळे आणि पुढच्या झटक्याला पुन्हा तीच शिक्षा होई.

मेनिएर यांना यात काही तरी विसंगत वाटू लागले. मेंदूचा आजार असेल तर हातापायांतील शक्ती का जात नाही? वाचा का बंद पडत नाही? वर्षानुवर्षे झटके येऊनही बुद्धी शाबूत कशी राहते? आणि मुख्य म्हणजे, दर वेळी कानच का बिघडतो? इतर डॉक्टरांनी बहिरेपणाकडे किरकोळ तक्रार म्हणून दुर्लक्ष केले होते. मेनिएर यांनी त्यालाच मुख्य धागा मानले.

कबुतरांची साक्ष

या विचाराला आधार मिळाला तो एका जुन्या प्रयोगाचा. पिएर फ्लुरांस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात कबुतरांवर प्रयोग केले होते. आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या परस्परांना काटकोनात वसलेल्या असतात. या नलिका ऐकण्यासाठीच असाव्यात, असा समज होता. फ्लुरांस यांनी आडवी नलिका कापली तेव्हा कबुतर डोके आडवे हलवत गोल फिरू लागले. उभी नलिका कापली तेव्हा ते कोलांट्या घेऊ लागले. ऐकणे मात्र थांबले नाही.

म्हणजे कान हा ऐकण्याचा अवयव आहे, तसाच शरीराच्या तोलाशीही त्याचा संबंध आहे. प्रयोगशाळेतील या निरीक्षणाचा माणसाच्या आजाराशी सांधा जुळवण्याचे काम जवळजवळ चाळीस वर्षे कोणी केले नव्हते. कबुतरांचे तोल जाणे आणि आपल्या रुग्णांचे कोसळणे या एकाच प्रकारच्या गोष्टी आहेत, हे मेनिएर यांनी ओळखले.

आणखी एक प्रकरण त्यांच्या स्मरणात होते. थंडीच्या दिवसांत एक तरुण मुलगी घोडागाडीच्या उघड्या टपावर बसून रात्रभर प्रवास करून आली. तिला एकाएकी पूर्ण बहिरेपणा आला. जरा हालचाल केली तरी भोवळ आणि उलट्या होत. पाचव्या दिवशी ती मरण पावली. शवविच्छेदनात मेंदू आणि पाठीचा कणा निर्दोष आढळले. विकृती सापडली ती केवळ आंतरकर्णात. अर्धवर्तुळाकार नलिका तांबूस द्रवाने भरलेल्या होत्या.

८ जानेवारी १८६१

या साऱ्याची मांडणी करणारा निबंध मेनिएर यांनी ८ जानेवारी १८६१ रोजी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत वाचला. वय ६१ वर्षांचे होते. मेंदूच्या माथी मारल्या गेलेल्या भोवळीच्या अनेक झटक्यांचे मूळ आंतरकर्णात असते आणि अशा रुग्णांचे रक्त काढणे व्यर्थ आहे, हे त्या निबंधाचे सार होते.

सभागृहात फारशी चर्चा झाली नाही. पुढच्याच आठवड्यात आर्मां त्रूसो या मातब्बर डॉक्टरांनी त्याच अकादमीत मेंदूत रक्त साचण्याच्या कल्पनेचा समाचार घेतला आणि त्या ओघात मेनिएर यांच्या कामाचाही आधार घेतला. तथापि, वादाचा सारा झोत अपस्मार आणि मेंदू यांवरच राहिला. मेनिएर यांनी हार मानली नाही. त्या वर्षभरात त्यांनी पॅरिसच्या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या रुग्णांच्या हकिकती एकामागून एक प्रसिद्ध केल्या.

परंतु काळाने त्यांना सवड दिली नाही. ७ फेब्रुवारी १८६२ रोजी फ्ल्यूनंतरच्या न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. अकादमीतील त्या दिवसाला जेमतेम तेरा महिने झाले होते. आपल्या सिद्धांताचा विजय त्यांना पाहता आला नाही.

त्यांच्यानंतर मात्र तो विचार पसरत गेला. व्हिएन्नाचे कर्णरोगतज्ज्ञ पोलिट्झर यांनी १८६० च्या दशकातच या लक्षणसमूहाशी मेनिएर यांचे नाव जोडले. पुढच्या दशकात मज्जारोगांचे महान अभ्यासक शार्को यांनीही तेच नाव वापरले. मज्जारोगतज्ज्ञानेच हा रोग कानाचा आहे हे मान्य केल्यावर वाद उरला नाही. त्या तरुण मुलीचे प्रकरण मात्र आजच्या दृष्टीने या रोगाचे नव्हते. मेनियर्स विकाराने कोणी पाच दिवसांत दगावत नाही. तिला रक्ताचा कर्करोग असावा आणि त्यामुळे कानात रक्तस्राव झाला असावा, असे नंतरच्या अभ्यासकांनी सुचवले आहे. पुरावा भलत्या रोगाचा, पण निष्कर्ष अचूक, असा हा योग आहे. मेनिएर यांनी केवळ त्या एका शवविच्छेदनावर भिस्त ठेवली नव्हती. जिवंत रुग्णांच्या हकिकती त्यांनी ऐकल्या होत्या, म्हणूनच ते चुकले नाहीत.

फुगडी आणि आंतरकर्ण

नेमके बिघडते काय, याचा उलगडा व्हायला १९३८ साल उजाडावे लागले. लंडनमध्ये हॉलपाईक आणि केर्न्स या डॉक्टरांनी, तर जपानमध्ये यामाकावा यांनी, या रोगाच्या मृत रुग्णांच्या कानाची हाडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. दोन्हीकडे एकच चित्र दिसले. आंतरकर्णातील एका विशिष्ट द्रवाचे प्रमाण वाढून त्याभोवतालचे नाजूक पडदे फुगले होते.

याची कल्पना येण्यासाठी फुगडीचा अनुभव आठवावा. वेगाने फुगडी घालून थांबले की पाय जमिनीवर स्थिर असतात, तरी अंगण फिरतच राहते. शरीर थांबलेले असते, पण नलिकांतील द्रव अजून हलत असतो. डोळे एक सांगतात आणि कान दुसरे. मेंदूचा गोंधळ उडतो आणि त्यालाच आपण भोवळ म्हणतो. मेनियर्सच्या रुग्णाला फुगडी न घालताच हा अनुभव येतो आणि तो काही क्षणांत न संपता तासन्‌तास टिकतो. ऐकण्याचा शंखाकृती भाग आणि तोलाच्या नलिका यांतून हाच द्रव खेळत असल्याने भोवळ आणि बहिरेपणा हातात हात घालून येतात. द्रव का वाढतो, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाला अजून मिळालेले नाही.

या रोगाचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण चंद्रावर जाऊन आला, हे सांगितले तर अनेकांना नवल वाटेल. मेनिएर यांच्या निबंधाला शंभर वर्षे झाली त्याच साली, ५ मे १९६१ रोजी, अॅलन शेपर्ड हे अंतराळात जाणारे पहिले अमेरिकी ठरले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच त्यांना भोवळीचे झटके येऊ लागले, डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले आणि त्यांचे उड्डाण बंद झाले. १९६८ मध्ये त्यांच्या कानातील जादा द्रवाला वाट करून देणारी शस्त्रक्रिया झाली. ते पुन्हा पात्र ठरले आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो-१४ मोहिमेत त्यांनी चंद्रावर पाऊल ठेवले. या शस्त्रक्रियेचा गुण नेमका कितपत, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. १९८१ मध्ये डेन्मार्कमधील डॉक्टरांनी खरी व लुटुपुटूची शस्त्रक्रिया यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांतील बहुतेकांना जवळपास सारखाच आराम पडल्याचे दिसले होते.

आजच्या रुग्णासाठी

मेनिएर यांच्या काळापेक्षा आज निदान सोपे झाले आहे. २०१५ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार वीस मिनिटे ते बारा तास टिकणारे भोवळीचे किमान दोन झटके, त्याच कानात श्रवणचाचणीत आढळलेली, प्रामुख्याने खालच्या व मध्यम पट्टीतील आवाजांची ऊन आणि कमी-जास्त होणारा कर्णनाद, दडा किंवा बहिरेपणा, ही या रोगाची ओळख आहे. म्हणूनच श्रवणचाचणी न करता या रोगाचा शिक्का मारणे योग्य नव्हे.

प्रत्येक भोवळ मेनियर्सची नसते, हेही तितकेच महत्त्वाचे. कूस बदलताना किंवा मान वर करताना काही सेकंदच गरगरत असेल, तर बहुधा कानातील सूक्ष्म खडे जागचे हललेले असतात. डोके विशिष्ट पद्धतीने फिरवून डॉक्टर ते जागेवर आणतात आणि अनेकदा त्या एका भेटीतच आराम पडतो. याउलट भोवळीसोबत तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, हातापायांतील शक्ती जाणे, एकाचे दोन दिसणे किंवा असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेथे घरगुती उपाय न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून तातडीने रुग्णालय गाठावे.

मेनियर्स समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र तो जिवावर बेतत नाही आणि बहुतेकांच्या बाबतीत आटोक्यात ठेवता येतो. मीठ कमी करण्याचा सल्ला बहुतेक डॉक्टर देतात. म्हणजे लोणचे, पापड, शेव-चिवडा यांना आवर घालावा लागतो. बीटाहिस्टिन हे औषध सर्रास दिले जाते, तरी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत ते आणि औषध नसलेली गोळी यांच्या परिणामांत फरक आढळला नव्हता. झटके अनावर असतील तर कानाच्या पडद्यातून औषधाचे इंजेक्शन दिले जाते. त्यातील एक औषध तोलाची इंद्रियेच निकामी करते आणि त्याने ऐकणे कमी होण्याचा धोका असतो, म्हणून ते विचारपूर्वक वापरावे लागते. ऐकणे कमी झाले असल्यास श्रवणयंत्राचा उपयोग होतो. झटके येत असण्याच्या काळात दुचाकी चालवणे, शिडी चढणे, विहिरीच्या काठावर एकट्याने काम करणे टाळणेच शहाणपणाचे.

वणी परिसरातील रुग्णांना यासाठी मुंबई-पुणे गाठण्याची गरज नाही. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये तसेच सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था येथे कान-नाक-घसा विभाग आहेत. उणीव आहे ती पहिली शंका कानाची घेण्याची. कोळसा खाणींचा हा भाग आहे. यंत्रांच्या अखंड आवाजाने कान बधिर होणे आणि मेनियर्स हे दोन वेगळे विकार आहेत, परंतु खाणीत काम करतो म्हणून कमी ऐकू येणारच, असे गृहीत धरल्याने दुसरा विकार झाकला जाण्याची शक्यता असते.

या रुग्णांचे सर्वांत मोठे दुःख भोवळीचे नसते. झटका ओसरला की माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो. ना जखम, ना ताप, ना सूज. त्यामुळे घरात आणि कामाच्या ठिकाणी त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. सून असेल तर कामचुकारपणाचा आळ येतो, कामगार असेल तर नाटकाचा. पुढचा झटका केव्हा येईल या धास्तीने माणूस लग्नकार्याला, बाजाराला, प्रवासाला जाणे सोडतो.

प्रॉस्पर मेनिएर यांच्याकडे श्रवणचाचणीचे यंत्र नव्हते, स्कॅन नव्हते, गुणकारी औषधही नव्हते. पॅरिसच्या डॉक्टरांनी ज्यांना मेंदूचे रोगी ठरवून रक्तबंबाळ केले, त्या माणसांना समोर बसवून त्यांनी एकच गोष्ट केली. त्यांची तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि ती खरी मानली. कानात आवाज येतो, एका बाजूने कमी ऐकू येते, या किरकोळ वाटणाऱ्या वाक्यांतच निदान दडलेले होते. आज घरात कोणी गरगरते म्हणून भिंत धरून बसले, तर रक्तदाब जरूर तपासावा, साखरही पाहावी. पण त्याचबरोबर कानात काही आवाज येतो का, ऐकू कमी येते का, एवढे दोन प्रश्न विचारायला विसरू नये.